जुन्या गाडीत कोणतं ऑइल? डब्यावरचे आकडे आणि आपला नवतपा

जुनी गाडी घेतल्यावर पहिल्यांदा ऑइलच्या दुकानात गेलं की दुकानदार एकच विचारतो, "किती चालली?" तुम्ही दीड-पावणेदोन लाख म्हणालात की त्याचा हात आपोआप जाड ऑइलच्या डब्याकडं जातो. "जुनी हाय न भाऊ, जाडंच टाका. पातयानं काई होत नाई." तो अगदीच चुकीचं सांगतो असं नाही. पण त्यानं तुमची गाडी पाहिलेली नसते.

मीही एकदा असंच ऐकलं होतं. माझी पहिली गाडी जुनी डिझेल होती, घेतली तेव्हा मीटरवर १,६४,००० किलोमीटर. इंजिन वरच्या बाजूला टकटक वाजायचं. २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाकलं आणि आवाज बंद! महिनाभर मी गावात सगळ्यांना जाड ऑइलचे गुण सांगत फिरलो. मग टकटक परत सुरू झाली. कारंजाच्या रस्त्यावरच्या एका मिस्त्रीकाकांकडं गाडी नेली. त्यांनी ऑइलची पट्टी ओढली, बनियनच्या चिंधीनं पुसली, परत घातली, परत ओढली. पट्टीच्या टोकाला जेमतेम एक थेंब. "बाबू, त्यात ऑइल हायेच कुठं? जाडं-पातय मंग पाहू, आधी भर तं खरं." टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं होतं आणि ऑइल इंजिनच्या मागच्या अंगानं ओघळत होतं, समोरून दिसतच नव्हतं. गाडी घेतली तेव्हाही ते कमीच असणार. पहिला आवाज थांबला तो ऑइल जाड होतं म्हणून नाही, पुरेसं भरलं गेलं म्हणून. पॅकिंग बदललं, कंपनीनं सांगितलेलंच ऑइल टाकलं, आणि ती गाडी पुढं चार वर्षं चालली.

तेव्हापासून कोणी ऑइल विचारायला आलं की मी आधी पट्टी पाहायला लावतो. डबा नंतर.

आधी पंधरा दिवस नुसती वही लिहा

सकाळी गाडी सुरू करायच्या आधी, सपाट जागेवर. आपल्याकडं अंगणाला पाणी वाहून जायला उतार असतो, तिथं पट्टी खोटं बोलते. म्हणून आदल्या रात्रीच गाडी सिमेंट रस्त्याच्या सपाट पट्ट्यात लावा. पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढून वाचा. दोन खुणा असतात, ऑइल त्यांच्यामध्ये हवं. बहुतेक गाड्यांत या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे सुमारे एक लिटर, लहान गाड्यांत थोडं कमी. वरच्या खुणेपर्यंत भरून घ्या, त्यापुढं नको. जास्त भरलं तर क्रँक (इंजिनचा खालचा फिरता दांडा) ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसानं वंगण होत नाही. मग वहीत तारीख, किलोमीटर आणि पातळी लिहा. १,००० किलोमीटरनंतर परत वरच्या खुणेपर्यंत यायला किती ऑइल लागलं, हा एक आकडा तुमच्या हातात असला पाहिजे. मापाला घरातलं औषधाचं माप किंवा जुनी अर्ध्या लिटरची बाटली चालते.

रंगाचं भय घेऊ नका. डिझेल गाडीचं ऑइल काही दिवसांत काळं होतं, ती काजळी आहे, ऑइलनं ती धरून ठेवायचीच असते. भय धरायचं ते दोन गोष्टींचं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी गेलंय, बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं पॅकिंग गेलंय. गाडी तिथंच थांबवा. आणि पातळी वाढत असेल तर डिझेल-पेट्रोल किंवा पाणी आत उतरतंय. या दोन्हीत ग्रेड, म्हणजे ऑइलची जाडी, बदलून काही साधत नाही.

आता चावी फिरवा, पण स्टार्टर मारू नका. डॅशबोर्डवर लाल तेलकुपीचा दिवा लागला पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदात विझला पाहिजे. चावी फिरवूनही लागलाच नाही तर आनंद मानू नका. विकताना काही लोक त्या दिव्याची वायर काढून ठेवतात. जुनी गाडी घ्यायला गेलात तर ही तपासणी रंगाच्याही आधी करा. तसंच ऑइलचं झाकण उघडून बोटावर ऑइल घ्या. चिकट, गुळाच्या पाकासारखी तार निघत असेल तर विकणाऱ्यानं आवाज आणि धूर दाबायला काहीतरी जाड ओतलेलं आहे. काही जण तर गिअर ऑइलही ओततात. (गिअर ऑइलच्या डब्यावरचा ९० आकडा पाहून दबून जाऊ नका, त्याची मोजपट्टी वेगळी आहे, जाडीला ते इंजिनच्या ४०-५० च्या आसपासच असतं. पण त्यातली रसायनं दातांच्या चाकांसाठी असतात, इंजिनसाठी नाहीत.)

धूर पाहायला एखाद्या पोराला दुचाकीवर मागं पाठवा. गाडीत बसून धूर कळत नाही. सकाळी सुरू करताना निळसर फुसका येऊन थांबला तर वाल्व सील कडक झालेत. चढावर किंवा ओव्हरटेक करताना निळा धूर येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. काळा धूर इंधनाचा आहे, ऑइलचा नाही. दाट पांढरा, आणि रेडिएटरचं पाणीही कमी होतंय, तर परत हेड गॅस्केट. रात्री इंजिनखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी थेंब कुठं पडलेत त्यावरून गळती सापडते. ही तपासणी फुकट आहे, आणि निम्म्या गाड्यांचा प्रश्न इथंच सुटतो.

डब्यावरचे दोन आकडे

१५डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. यात डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. ही मोजपट्टी अमेरिकेतल्या एसएई या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेची आहे, १९११ पासूनची. पहिला आकडा थंडीतला, दुसरा गरम इंजिनातला. आकडा लहान तेवढं ऑइल पातळ.

पहिल्या आकड्याची चाचणी कुठल्या थंडीत होते ते पाहा: २०डब्ल्यू उणे १५ अंशांवर, १५डब्ल्यू उणे २० वर, १०डब्ल्यू उणे २५ वर, ५डब्ल्यू उणे ३० वर. आपल्याकडं गोंदिया-नागपूरची कडाक्याची थंडी झाली तरी पारा शून्याच्या खाली जात नाही. म्हणजे गाडी सुरू होईल की नाही या प्रश्नाला विदर्भात २०डब्ल्यूसुद्धा पुरून उरतं. फरक पडतो तो सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत: जानेवारीच्या पहाटे पातळ ऑइल वाल्व उघडणाऱ्या वरच्या कॅमपर्यंत लवकर चढतं. आठवड्यातून एकदाच बाजाराला निघणाऱ्या गाडीचं ऑइल सगळं खाली उतरलेलं असतं, म्हणून तिच्यासाठी मी पहिला आकडा लहान असलेलाच डबा घेतो.

दुसरा आकडा १०० अंशांवर मोजतात. सेंटिस्टोक्स हे जाडीचं माप. ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. नीट पाहिलं तर एकाचा शेवट तिथं दुसऱ्याची सुरुवात. एखादं जाडसर ३० आणि एखादं पातळसर ४० जवळपास सारखंच निघू शकतं. ३० वरून ५० वर उडी मात्र मोठी आहे, जाडी जवळजवळ दुप्पट होते.

आता नवतप्याचं, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांचं. "चंद्रपूर-अकोल्याकडं मे महिन्यात ४५-४६ अंश असते, ऑइल पाण्यासारखं होते, म्हणून आपल्याला जाडंच लागते," हे मी शंभरदा ऐकलंय. इंजिनच्या लेखी ४५ अंश म्हणजे थंडीच. चालत्या इंजिनचं पाणी थर्मोस्टॅट ८५-९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो, मग बाहेर डिसेंबर असो की नवतपा. ऑइलचं तापमान त्याच्या थोडं वर, शंभरच्या आगेमागे. साधारण १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांना शंभरेक सेंटिस्टोक्स असतं आणि १०० अंशांना १४ च्या जवळपास. म्हणजे मे महिन्याच्या भर दुपारी उभ्या गाडीतलं ऑइलसुद्धा गरम इंजिनातल्यापेक्षा पाच-सहापट जाड आहे. त्याला आणखी जाड करून काय मिळवायचं?

उन्हाळ्यात ऑइल खरंच जास्त तापतं ते वेगळ्या कारणांनी. लग्नाची सात माणसं, एसी चालू, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट. किंवा रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि कापसाची रुई अडकलेली. किंवा पंखा वेळेवर लागतच नाही. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी पाण्याच्या पाइपानं आणि इलेक्ट्रिशियननं दुरुस्त होतात, ऑइलनं नाही. मृगाच्या आधी एकदा जाळी मागून पुढं, हलक्या धारेनं धुऊन घ्या. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पत्रे वाकतात.

कंपनीनं काय सांगितलंय ते शोधा

जुन्या गाडीसोबत मॅन्युअल क्वचितच येतं. ऑइलच्या झाकणावर ग्रेड छापलेला असेल तर उत्तम. नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर बऱ्याच जुन्या मॉडेलांचं मॅन्युअल मिळतं, नाहीतर तालुक्याच्या सर्व्हिस सेंटरला इंजिनचा प्रकार आणि साल सांगून विचारा. जुन्या मॅन्युअलांमध्ये अनेकदा एक तक्ता असतो: बाहेरचं तापमान आणि त्याखाली चालणारे दोन-तीन ग्रेड. हा तक्ता सापडला तर तुमचं काम फार सोपं झालं, कारण एक पायरी वर जायची परवानगी बऱ्याचदा कंपनीनंच दिलेली असते.

आता निर्णय

१,००० किलोमीटरला पाव लिटर किंवा त्याहून कमी लागत असेल, दिवा वेळेवर विझत असेल, निळा धूर नसेल, तर कंपनीचाच ग्रेड. मीटर दोन लाखांवर असला तरी. नुसते किलोमीटर हे ग्रेड बदलायचं कारण नाही.

पाव ते पाऊण लिटर लागतंय आणि बाहेर गळती नाही, म्हणजे इंजिन ते जाळतंय. आधी इंजिनमधली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदरचा पाइप आणि त्यावरचा पीसीव्ही वाल्व काढून साफ करून घ्या. हा तुंबला की इंजिनमधला दाब ऑइलला सीलमधून आणि रिंगांवरून बाहेर ढकलतो, आणि लोक उगाच इंजिन काम काढून बसतात. त्यानंतरही तसंच असेल तर दुसरा आकडा एक पायरी वाढवा: ३० असेल तर ४०. पहिला आकडा शक्य तेवढा लहान ठेवा, म्हणजे १०डब्ल्यू-४० मिळालं तर २०डब्ल्यू-४० पेक्षा ते घ्या. परत १,००० किलोमीटरची वही लिहा. खप कमी झाला तर ठीक. झाला नाही तर परत मूळ ग्रेडवर या, कारण जाड ऑइलला पंपाचा आणि इंजिनचा जोर जास्त लागतो, अॅव्हरेज थोडं उतरतं.

लिटरभर किंवा त्याहून जास्त लागत असेल तर डबे बदलण्यात पैसे घालू नका. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या. वाल्व सील हे तुलनेनं हलकं काम आहे, रिंगा हे भारी. कुठलं करायचं हे धुराच्या वेळेवरून तुम्हाला आधीच अंदाज आलेला असेल. पेट्रोल गाडीत हे जळकं ऑइल प्लग काळे करतं आणि पुढं सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं, तो खर्च वेगळा.

आणि गाडी गरम झाल्यावर सिग्नलला किंवा रेल्वे फाटकाला उभी असताना लाल दिवा लुकलुकत असेल तर त्याच दिवशी थांबा. पातळी पाहा. पातळी बरोबर असेल तर मिस्त्रीला प्रेशर स्विच काढून त्या जागी गेज लावायला सांगा. बऱ्याचदा स्विचच खराब असतो, तो स्वस्त आहे. प्रेशर खरंच कमी निघालं तर पंप किंवा बेअरिंग झिजलेत. अशा वेळी जाड ऑइल टाकलं की दिवा विझतो आणि माणूस बिनघोर होतो. बेअरिंग मात्र झिजतच राहतं आणि एक दिवस क्रँकच धरतं.

काही गाड्यांत एक पायरीही वर जाऊ नका. वाल्वचं टायमिंग ऑइलच्या दाबानं बदलणारी इंजिनं, म्हणजे ज्यांच्यावर व्हीव्हीटी किंवा तत्सम लिहिलेलं असतं. तिथल्या बारीक वाटा विशिष्ट जाडीसाठीच केलेल्या असतात. ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या गाड्या. टर्बोच्या गाड्या, मॅन्युअलमध्ये दुसरा ग्रेड दिलेला नसेल तर. टर्बोला ऑइल पोचायला उशीर झाला की त्याचं बेअरिंग आधी जातं. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल, ज्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर असतो. त्यांना कमी राखेचं ऑइलच लागतं. पण ती गाडी तुमच्याकडं असेल तर अजून जुनी म्हणायचं वय नाही झालं तिचं.

ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल चालेल का?

आपल्याकडं हा प्रश्न येतोच, घरी ट्रॅक्टर असतो आणि पाच लिटरचा डबा अर्धा उरलेला असतो. उत्तर डब्यावर आहे. एपीआय (अमेरिकेतली पेट्रोलियम संस्था) लिहिलेलं असतं आणि पुढं दर्जाची अक्षरं: एस पासून सुरू होणारी पेट्रोलची, जसं एसएन (२०१०) किंवा एसपी (२०२०), सी पासून सुरू होणारी डिझेलची, जसं सीएच-४, सीआय-४. अक्षर जेवढं पुढचं तेवढं ऑइल नवीन दर्जाचं. डबा इंजिन ऑइलचा आहे, ग्रेड १५डब्ल्यू-४० आहे, सीआय-४ लिहिलंय आणि तुमची जुनी डिझेल गाडी तेच मागते, तर खुशाल टाका. पेट्रोल गाडीत टाकायचं असेल तर त्याच डब्यावर एस चं अक्षरही हवं. नुसतं सीएफ लिहिलेलं शेतातल्या डिझेल पंपाचं ऑइल कारमध्ये नको. आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक-गिअर-ब्रेकचं ऑइल तर चुकूनही नको. डबा सारखाच दिसतो, म्हणून वाचल्याशिवाय बूच उघडू नका.

दुचाकीच्या २०डब्ल्यू-४० चंही तसंच. ते ओल्या, म्हणजे ऑइलमध्येच बुडून चालणाऱ्या, क्लचसाठी बनवलेलं असतं, डब्यावर जासो एमए ही त्याची जपानी दर्जाखूण लिहिलेली दिसेल. रस्त्यात अडचणीत अर्धा लिटर टॉपअप करून घर गाठा, कोरडं चालवण्यापेक्षा बरं. उलटं मात्र करू नका. कारचं पातळ ऑइल दुचाकीत टाकलं की क्लच घसरू शकतो.

सिंथेटिकनं जुन्या गाडीचे सील फुटतात असं म्हणतात. फुटत नाहीत. आत वर्षानुवर्षांचा गाळ बसून जी गळती बुजलेली असते ती कधीकधी मोकळी होते, एवढंच. खप कमी असलेल्या गाडीला सेमी-सिंथेटिक चांगलं. लिटरभर खाणाऱ्या गाडीत महाग ऑइल घालणं म्हणजे फुटक्या माठात वाळ्याचं पाणी.

विकत घेताना, बदलताना

सुटं ऑइल घेऊ नका, कितीही ओळखीचं दुकान असो. बुचाचं सील, तयार झाल्याची तारीख आणि बॅच नंबर पाहा, बिल घ्या. फिल्टर दरवेळी नवीन.

गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा, मग खालचा नट उघडा. गरम ऑइल गाळ घेऊन बाहेर येतं. हाताला जपा. नटाचं वायसर नवं लावा आणि पान्यावर पाय देऊन आवळू नका, चेंबर अॅल्युमिनियमचं असेल तर आटे जातात. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटानं ऑइल लावा, रिंग टेकल्यावर हातानं पाऊण फेरा, बस. भरताना मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा थोडं कमी भरून सुरू करा, दिवा विझला की बंद करा, पाच मिनिटं थांबा, पट्टी पाहून बाकीचं भरा.

किती दिवसांनी? कंपनीनं १०,००० किलोमीटर सांगितलं असलं तरी पांदणीच्या धुळीत चालणाऱ्या जुन्या गाडीला मी ५,००० किंवा सहा महिने, जे आधी येईल ते, असंच धरतो. एअर फिल्टर त्याहून लवकर झटकावा लागतो. फिल्टरच्या बाजूनं आत गेलेली धूळ रिंगांची जी गत करते ती कुठलंही ऑइल भरून काढत नाही.

काढलेलं जळकं ऑइल नाल्यात किंवा बांधावर ओतायचं नाही. आपल्याकडं ते जनावरांच्या खरजेवरही चोळतात. त्यात धातूचा चुरा आणि जळून तयार झालेली विषारी द्रव्यं असतात, आणि गुरं अंग चाटतात. जुन्याच डब्यात भरून मिस्त्रीच्या ड्रममध्ये नेऊन टाका, बहुतेक जण ते घेतात. डबा रिकामा झाला की भंगारात देण्याआधी त्याला खिळ्यानं दोन भोकं पाडा, नाहीतर तोच डबा नव्या बुचासह परत कुणाच्या तरी दुकानात उभा राहतो.